बोंडूभाऊ कबूल म्हणाला

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी बोंडू बोलायचा. अम्मी चुलीवर चहाचं भगोणं चढवायची, तेवढ्यात ओसरीतून तो चिरका आवाज यायचा, पी-पीप्-पी-पी, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्याच त्याचा अर्थ ओरडून सांगायची, "अम्मी, बोंडूभाऊ म्हणून राह्यले, आज चहात अद्रक पाह्यजे!" अम्मी चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणायची, "त्याले सांग, अद्रक बाजारात राह्यते, माह्या पदराले बांधलेलं नाई." मग पुन्हा पीप्. मग मी, "बोंडूभाऊ म्हणते, पदर पाहून घेऊ काय?" अम्मी उलथणं घेऊन ओसरीकडे धावायची आणि तिथे अब्बा, म्हणजे माझे वडील, खांबाला टेकून अगदी साळसूद बसलेले असायचे. उजव्या हातात बोंडू, आणि तोंडावर जणू यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. घर आमचं अनसिंगला, दोन खोल्या आणि ओसरी, आणि बोली अर्धी उर्दू अर्धी वऱ्हाडी. पण त्या घरात नवरा-बायकोचं जे काही बोलणं झालं ते सगळं या हातबाहुल्याच्या तोंडून झालं आणि माझ्या तोंडून अम्मीपर्यंत पोचलं. भाजीत मीठ कमी असलं तर ते बोंडू सांगायचा. अम्मी माहेराहून आली की "घर सुनं झालं होतं" हेही बोंडूच सांगायचा, आणि ते सांगताना मला, जेमतेम न्हाती झालेल्या पोरीला, अशी लाज वाटायची की मी निम्मं गिळून टाकायची.

अब्बा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव जायचं, लोकांच्या जुन्या गाद्या उसवायच्या, दबलेला कापूस पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा भरून द्यायचा. पिंजणाच्या ताणलेल्या तातीचा तो तांय-तांय आवाज अजून माझ्या कानात आहे. कुठे गादीघरावरून गेले तरी पाय थबकतात, पण आता तिथे मशीन घरघरतं. अब्बांना माणसांशी बोलता यायचं नाही. मुके नव्हते, तोतरे नव्हते, पण समोर माणूस आला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. पिंजताना पोरं कापसात उड्या मारत, त्यांना "हटा" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी बोंडू केला असं अम्मी सांगायची. रद्दी भिजवून तिचा लगदा, त्यात पिंजलेला कापूस आणि चिंचोके भाजून, दळून, शिजवलेली खळ, असं त्याचं डोकं. रंगवताना मी रांगत जाऊन अब्बांच्या कोपराला धडकले आणि डावी भुवई वर गेली. ती तशीच राहिली. त्यामुळे बोंडू सदा कुणाला तरी "काहून बाप्पा?" विचारतोय असं वाटायचं. कापसाच्या बोंडासारखं टोकदार डोकं, म्हणून बोंडू.

आवाज पिपीचा. बांबूच्या दोन पातळ कापांमध्ये रबराची पट्टी ताणून दोऱ्यानं बांधायची आणि ती जिभेखाली धरून बोलायचं. बोलणाऱ्याचे शब्द तिच्यातून पीप्-पीप् होऊन निघतात आणि ऐकणाऱ्याला अर्धेच कळतात. म्हणून बाहेर एक माणूस बसावा लागतो, जो बाहुल्याचं बोलणं पुन्हा माणसांच्या भाषेत सांगतो. तो माणूस मी. कामाचा दिवस संपला की ज्या घरच्या गाद्या भरल्या त्याच घरची खाट अंगणात उभी करायची, तिच्यावर गोधडी टाकायची, मागे अब्बा, पुढे मी डफडं घेऊन, आणि वर बोंडू. केनवडचा बाजार असो की जऊळक्याच्या स्टेशनमागचं मैदान, माणसं जेवणं उरकून नव्हे, जेवणं टाकून यायची. खेळ संपला की गावातली एखादी बाई घरातल्या लुगड्याचा, सदऱ्याचा, कधी बाळाच्या कुंचीचा तुकडा आणून द्यायची आणि अम्मी तो बोंडूच्या कोटाला जोडायची. त्यामुळे कोटात आख्खा जिल्हा होता. अम्मीला कोणता तुकडा कुठला ते पाठ होतं, आणि ती बोटानं दाखवत सांगायची तेव्हा मला वाटायचं आम्ही फार श्रीमंत आहोत.

बोंडूचा सगळ्यांत लाडका खेळ 'कबूल'चा. गावातलं कुणीही उठून त्याला काहीही मागायचं. "बोंडूभाऊ, माह्या वावरात निंदाले येता काय?" "बोंडूभाऊ, माह्या सासूले तुमच्या घरी नेता काय?" बोंडू कधीच नाही म्हणायचा नाही. छाती काढून तीनदा पीप् करायचा आणि मी सांगायची, "कबूल! कबूल! कबूल!" निकाहातलं ते तीनदा कबूल ऐकून आमच्या मोहल्ल्यातली माणसं आधी हसायची, मग बाकीचे. नंतर बोंडू चालायला निघाल्यासारखा करायचा, खाली वाकून बघायचा, आणि त्याच्या लक्षात यायचं की हातबाहुल्याला पाय नसतात. मी विचारायची, "काय झालं बोंडूभाऊ?" पी-पीप्-पी. "पाय नाई म्हणते! थांबा, पाय शोधून येतो म्हणते!" आणि सप्पकन खाटेमागे बुडी. संपलं. लोक गडाबडा लोळायचे. आमच्याकडे अजूनही पोरगं "करतो, करतो" म्हणून करत नसलं की आई म्हणते, "हे बोंडूचं कबूल हाय." म्हणणारीला बोंडू कोण ते माहीतही नसतं. परवा औषधाच्या दुकानात एक तरुण पोरगी फोनवर नवऱ्याला हेच म्हणत होती, आणि मला वाटलं तिचा हात धरावा आणि विचारावं की बाई, तुला कुणी सांगितलं हे. नाही विचारलं.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, अम्मी निखाऱ्यावर ऊद आणि कडुनिंबाचा पाला टाकायची आणि बोंडूला त्या धुरावर उलटा धरायची, म्हणजे धूर गळ्यातून डोक्यात जाई. मग दिवसभर उन्हात. कारण खळ चिंचोक्याची, आणि चिंचोका म्हणजे किड्यांची मेजवानी. एवढं केलं आणि रोज हात आत जात राहिला तर असं डोकं जन्मभर टिकतं. बंद करून ठेवलं तर नाही. हे आम्हाला भाकरी कशी थापायची ते माहीत असावं तितकं माहीत होतं, म्हणूनच कुणाला सांगायला हवं असं सुचलं नाही.

तर एक दिवस आमच्या दारात जीप उभी राहिली. वाशीमला एक समिती झाली होती, जिल्ह्यातल्या नावाजलेल्यांचा सत्कार करायची, आणि तिच्या अध्यक्षांनी ठरवलं होतं की पहिला सत्कार बोंडूभाऊंचा. माणसाचा नव्हे, बाहुल्याचा. मोठे हौशी गृहस्थ होते, लहानपणी मामाच्या गावी बोंडूचा खेळ पाहिलेले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं हे मी आजही नाकारणार नाही. अब्बांची जीभ नेहमीप्रमाणे टाळूला. त्यांनी घाईनं पिपी तोंडात टाकली, बोंडू हातात चढवला आणि बोंडूनं अध्यक्षांना वाकून सलाम केला. अम्मीनं त्या दिवशी तुरीच्या सोल्यांचं सालन आणि भाकरी केली, पाहुण्यांनी ती बोटं चाटून खाल्ली, आणि जीप गेल्यावर बोंडू अम्मीला म्हणाला, "आता आमच्याशी अदबीनं बोलजा." आमच्या घरातलं ते शेवटचं खळखळून हसणं.

सत्काराला वाशीमचं सभागृह खचाखच भरलं होतं. बोंडूसाठी हातभर रुंदीची शाल विणून घेतली होती. नारळ होता, मानपत्र होतं, बाहेरच्या चौकाला बोंडूभाऊंचं नाव दिल्याची घोषणा झाली, टाळ्या थांबेनात. स्टेजवर अब्बा उभे, हातात शाल पांघरलेला बोंडू, शेजारी मी. आणि मग अध्यक्षांनी पडदा बाजूला सारला. मागे एक काचेची पेटी होती, आत मखमल, पितळी पाटी. ते माईकवरून म्हणाले, "बोंडूभाऊ, तुमी साऱ्या जिल्ह्याचे झाले. आता गावोगाव हिंडू नका. अठीच, आमच्यापाशी, कायमचे राहता काय?"

मला वाटतं, तो प्रश्न अब्बांच्या कानात शिरला आणि हातात उतरला, मध्ये डोक्यात गेलाच नाही. इतकी वर्षं कुणी काही मागितलं की बोंडूनं जे केलं तेच केलं. छाती काढली. पीप्, पीप्, पीप्. आणि माझ्याही तोंडून निघून गेलं, "कबूल! कबूल! कबूल!" सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. बोंडू चालायला निघाला, वाकला, पाय नसल्याचं त्याला कळलं, आणि अब्बा बुडी मारायला मागे वळले. मागे खाट नव्हती. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा खाटेशिवाय उभे होतो. मागे होते हार घेतलेले अध्यक्ष. त्यांनी हार घातला, हलकेच बोंडूला अब्बांच्या हातातून काढलं, आणि टाळ्यांच्या गजरात पेटीत बसवलं. अब्बांची पाच बोटं तशीच वर राहिली, उघडी. "पाय शोधून येतो" हे वाक्य माझ्या घशात होतं. ते सांगायला बोंडू तर बोलला पाहिजे होता.

आम्हाला वाटलं होतं, कार्यक्रम संपला की देतील. पण कार्यक्रमानंतर पेटीला कुलूप होतं आणि अध्यक्ष भाषणं चालू असतानाच नागपूरकडे रवाना झाले होते. हॉलचे चौकीदार नामदेवकाका अब्बांना म्हणाले, "माह्यापाशी दाराची किल्ली हाय, पेटीची नाई. पण रशीदभाई, रडता कायले? जिवंतपणी असा मान कोनाले भेटते?"

त्यानंतर घर मुकं झालं. सकाळी चहा व्हायचा, ओसरीत अब्बा बसलेले असायचे, आणि काही नाही. भाजीत मीठ नसलं तर ते तसेच खायचे. अम्मीनं एकदा मुद्दाम घातलं नाही, काही तरी बोलतील म्हणून. त्यांनी ताट धुऊन ठेवलं. ती चुलीपुढे बसून रडली आणि मला म्हणाली, "शमीम, मी इतकी वर्षं त्या बाहुल्याच्या घरात राह्यली वो. मानसाच्या घरात राह्यलीच नाई." असा राग आला मला, अब्बांचा, अध्यक्षांचा, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा! अब्बांनी नवं डोकं केलं. तोच लगदा, तीच खळ. भुवई मुद्दाम वर काढली. हात आत घातला, पिपी तोंडात धरली, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. आवाज निघाला नाही. डोकं काढून ठेवत ते पहिल्यांदा, पिपीशिवाय, माझ्याशी बोलले, "हा मले वळखत नाई." गावांचंही तेच. जऊळक्याला आम्ही नवा घेऊन गेलो तर पोरं म्हणाली, "हा नकली हाय, असली तं वाशीमले काचेत हाय."

मग सुरू झाल्या वाशीमच्या चकरा. जुमेरात आली की अब्बा सकाळची एस.टी. धरायचे, मला घेऊन, आणि पिशवीत ऊद आणि कडुनिंबाचा पाला. पेटी उघडून फक्त धुरी द्यायची, परत ठेवायचं, एवढंच मागणं होतं. बोलायचं मी. कधी किल्ली अध्यक्षांकडे असायची आणि अध्यक्ष मुंबईला. कधी अध्यक्ष असायचे आणि म्हणायचे, "अगं बेटा, आता तो ठेवा आहे, त्याला हात लावायचा तर बैठक घ्यावी लागते. आणि धूर? काचेला काजळी धरेल!" किडे लागतील म्हटलं तर हसून म्हणाले, "हवाबंद पेटी आहे, किडे येतील कुठून?" किडे येत नसतात, किडे खळीतच झोपलेले असतात, हे मी ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा मागवला. नामदेवकाका आम्हाला हॉलमध्ये सोडायचे. अब्बा काचेला नाक लावून उभे राहायचे. एका जुमेरातीला मखमलीवर, बोंडूच्या गळ्याखाली, पिठाची बारीक रेघ दिसली. अब्बांनी काचेवरून ती बोटानं पुसायचा प्रयत्न केला. पुन्हा, पुन्हा. काच चकचकीत झाली. त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांनी पाल्याची पिशवी छातीशी धरली होती आणि मी खुदाला सांगत होते की माझं काहीही घे, पण ती पेटी उघड.

सत्काराला वर्ष झालं तेव्हा समितीनं पुन्हा सोहळा केला आणि अब्बांना दोन शब्द बोलायला बोलावलं. अब्बा बोलणार! अम्मीनं त्यांना स्वच्छ कुर्ता घातला. मला वाटलं होतं सगळं मीच सांगायचं, पण माईकसमोर त्यांनी खिशातून पिपी काढली आणि जिभेखाली धरली. हात रिकामा होता. तरी त्यांनी तो वर केला. आणि वर्षभरानंतर बोंडूचा आवाज आला.

लोक वेडे झाले. अब्बा बोलत होते, मी सांगत होते. "बोंडूभाऊ म्हणून राह्यले, मले बाहेर काढा." हशा. "मले आतून खाऊन राह्यले." टाळ्या. "माहं डोस्कं पोकळ झालं." कुणी तरी शिट्टी मारली, पुढे बसलेली शाळेची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी थांबले आणि माझ्या आवाजात ओरडले, "हसू नका, खरं हाय हे!" त्यावर तर आणखीच. बोंडूच्या खेळात मी नेहमी अशीच वैतागायची ना! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोक म्हणत होते, पोट्टीनं काय नक्कल केली. अब्बा पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, मले बाहेर काढा, मले बाहेर काढा, पिपी फाटेपर्यंत. त्या आवाजावर कुणी रडलं असतं तर कसं? आम्हीच त्यांना आयुष्यभर त्याच्यावर हसायला शिकवलं होतं.

अध्यक्ष खूश होऊन उठले. खिशातून किल्ली काढली, पेटी उघडली आणि म्हणाले, "या रशीदभाई, आतला हार तुमीच बदला. अन् एक डाव होऊनच जाऊ द्या!" किल्ली. वर्षभर जिच्यासाठी झुरलो ती अशी, गमतीत बाहेर आली. अब्बा धावलेच. मी मागे. त्यांनी दोन्ही हात आत घातले आणि हनुवटीखाली बोट लावलं. बोट आत गेलं. काही आवाज झाला नाही. रंगाचा पातळ पापुद्रा होता, वर ती भुवई होती, आणि आत काही नव्हतं. कोटाच्या तुकड्यांना चाळणीसारखी भोकं पडली होती. उचलला असता तर डोकं तिथेच, सगळ्यांसमोर, पोरांसमोर, गळून पडलं असतं. पोरं उभी राहून ओरडत होती, "बोंडूभाऊ! बोंडूभाऊ! पाय भेटले काय?"

अब्बांनी अलगद बोट काढून घेतलं. अध्यक्षांनी पुढे केलेला हार बोंडूला घातला नाही, पेटीच्या कडेला ठेवला. झाकण त्यांनी स्वतः लावलं. मग लोकांकडे वळले आणि त्या फाटक्या पिपीतून काही तरी बोलले. इतकं हळू, की ते मलाही नीट ऐकू आलं नाही. पण मला कळलं, आणि सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं, "बोंडूभाऊ म्हणते, पाय नाई भेटले. अठीच राहतो म्हणते." अब्बांनी रिकामा हात वर केला आणि छाती काढली. पीप्. पीप्. पीप्.

"कबूल," मी म्हणाले. "कबूल. कबूल."

टाळ्या थांबता थांबेनात. अजूनही थांबलेल्या नाहीत म्हणा. चौकात आता बोंडूभाऊंचा सिमेंटचा पुतळा आहे, सेल्फी काढायला पोरांची रांग असते, आणि घडवणाऱ्यानं कधी खेळ पाहिला नसावा, कारण त्यानं बोंडूला पाय दिलेत. बूटसुद्धा घातलेत. दरवर्षी मला बोलावतात, शाल देतात, आणि कुणी तरी हटकून म्हणतं, मावशी, एकदा त्या आवाजात कबूल म्हणून दाखवा. मी शाल घेते आणि खाली उतरते.

त्या सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती अद्रकाच्या वासानं. अम्मीनं कधी आणलं होतं कोण जाणे. तिनं कप भरला, ओसरीच्या दारात उभी राहिली आणि पदर सारखा करत, जरा मोठ्यानं, अब्बांकडे नव्हे तर त्यांच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "बोंडूभाऊ, अद्रक टाकलं बरं." मी अंथरुणात श्वास रोखून पडून राहिले. काही सांगायचं आलं तर सांगावं म्हणून. अब्बांनी दोन्ही हातांनी कप धरला, चहा संपवला, कप जमिनीवर ठेवला आणि पिंजण खांद्यावर घेऊन कामाला गेले.